पाठीतल्या पाण्याचा रिपोर्ट आणि तुमचे प्रश्न

मागच्या अंकात मेंदूज्वराबद्दल, म्हणजे मेंदूला किंवा त्याच्या आवरणाला येणाऱ्या सुजेबद्दल, थोडं लिहिलं आणि प्रश्नांचा ढीग आला. बहुतेकांनी पाठीतल्या पाण्याच्या, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचं जे पाणी मणक्यातून सुईने काढतात त्याच्या, रिपोर्टचा फोटो काढून पाठवलाय आणि खाली एकच ओळ, 'डॉक्टर, हा आकडा वाढलाय म्हणजे काय?' म्हणून या वेळची सगळी जागा त्यालाच देतोय. मोठ्या माणसांपुरतंच लिहितोय, लहान लेकरांचं गणित वेगळं असतं. आणि एक गोष्ट आधीच सांगतो, इथे वाचून कोणाचं औषध सुरू किंवा बंद करायचं नाही. तुमच्या पेशंटला हात लावून बघणारा डॉक्टर तिथे आहे, त्याला नीट प्रश्न विचारता यावेत एवढ्यासाठी हे सगळं.

प्रश्न : आमच्या बाबांना (वय ६१, शुगर आहे) तीन दिवसांपासून ताप होता, आता माणसं ओळखून नाही राहिले. भरती केलं आहे. डॉक्टर म्हणतात पाठीतून पाणी काढा लागते. काकू म्हणते त्यानं लकवा होते, गावात एकाचे पाय गेले. एमआरआय झाला, रक्ताच्या एवढ्या तपासण्या झाल्या, मग सुई टोचायची गरजच काय?
— एक मुलगा, सक्करदरा

उत्तर : तुमचा मेसेज आला त्याच दिवशी फोनवर सांगितलं होतं की आधी सहीच करा, बाकीचं नंतर बोलू. बाबा आता घरी आहेत हे कळलं, फार बरं वाटलं. बाकीच्यांसाठी लिहितो, कारण हा प्रश्न मला दर आठवड्याला वॉर्डाच्या बाहेर ऐकावा लागतो, आणि होकार मिळेपर्यंत कधीकधी अख्खी रात्र जाते.

आधी लकव्याचं. मज्जारज्जू, म्हणजे मेंदूतून खाली आलेली ती जाड दोरी, मोठ्या माणसात कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपते. सुई त्याच्याही खाली, तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्याच्या मधे घालतात. तिथे दोरी नसतेच, पाण्यात सुट्या नसा तरंगत असतात, पातेल्यात शेवया असतात तशा, आणि सुई आली की त्या बाजूला सरकतात. एखाद्या नसेला सुई घासली तर पायात करंट आल्यासारखं होतं, सुई थोडी हलवली की जातं. मग गावात ज्याचे पाय गेले त्याचं काय? मी त्या माणसाला बघितलं नाही, पण अशा बऱ्याच गोष्टींमधे पाय जायचं कारण मणक्याचा टीबी किंवा मेंदूज्वरच असतो, सुई फक्त त्याच आठवड्यात टोचलेली असते आणि मग नाव सुईचं होतं.

पाणी किती काढतात, तर साधारण ८-१० मिलिलिटर, दोन चमचे. मोठ्या माणसाच्या मेंदूभोवती आणि मणक्यात हे पाणी एका वेळी दीडशे मिलिलिटरच्या आसपास असतं पण शरीर दिवसभरात पाचशेच्या आसपास बनवतं, म्हणजे जेवढं काढलं तेवढं अर्ध्या तासात भरून निघतं. नंतर काही जणांचं डोकं दुखतं, उठून बसलं की जास्त आणि आडवं झालं की कमी, बहुतेकांचं काही दिवसात आपोआप थांबतं, नाही थांबलं तर सांगायचं, त्यावर उपाय आहे.

आता मुख्य मुद्दा, रक्त आणि एमआरआय असताना पाणी कशाला. मेंदू आणि रक्ताच्या मधे एक पहारा असतो, रक्तातलं सगळं मेंदूत जात नाही आणि मेंदूतलं सगळं रक्तात दिसत नाही. रक्तातल्या पांढऱ्या पेशी वाढल्यात, सीआरपी (सूज असली की रक्तात वाढणारं प्रोटीन) वाढलंय, यावरून शरीरात कुठेतरी पेटलंय एवढं कळतं, ते छातीत आहे की लघवीत आहे की डोक्यात हे त्या आकड्याला माहीत नसतं. एमआरआय सूज दाखवतो, जंतूचं नाव सांगत नाही. आणि मेंदूज्वरात सुरुवातीला एमआरआय अगदी साफ येऊ शकतो, म्हणून 'एमआरआय नॉर्मल आहे, आता कशाला' असं म्हणू नका.

तुमच्या बाबांचंच उदाहरण घ्या, तुम्ही पाठवलेल्या रिपोर्टात पाण्यातली शुगर ९० लिहिली आहे. ९० बघून कोणीही म्हणेल नॉर्मल आहे. पण त्याच वेळी घेतलेल्या रक्तातली शुगर २८० होती. निरोगी माणसात पाण्यातली शुगर रक्तातल्या शुगरच्या साधारण दोन तृतीयांश असते, म्हणजे बाबांच्या पाण्यात १८० च्या आसपास पाहिजे होती, आणि आहे रक्तातल्या शुगरचा जेमतेम तिसरा हिस्सा. हे प्रमाण ०.४ च्या खाली गेलं की बॅक्टेरियाचा संशय घट्ट होतो. सोबत पेशी १,४००, त्यातल्या बहुतेक न्यूट्रोफिल, म्हणजे बॅक्टेरियाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, प्रोटीन २१० जे एरवी ४५ च्या आत असतं. पाणी स्वच्छ पाण्यासारखं पाहिजे ते तांदळाच्या धुवणासारखं गढूळ आलं होतं असं तुम्ही लिहिलंय, तिथेच डॉक्टरांना अर्धं उत्तर मिळालं असणार. म्हणून डायबेटिसच्या पेशंटच्या नातेवाइकांनी एक गोष्ट आवर्जून विचारावी, सुई टोचायच्या आधी बोटातली शुगर घेतली का. दोन आकडे सोबत नसले तर पाण्यातली शुगर वाचताच येत नाही.

आणि हो, सुई कधी थांबवतात हेही सांगतो, कारण डॉक्टर 'आधी सीटी करू' म्हणाले की लोकांना वाटतं बिल वाढवून राहिले. नव्याने झटका आलेला असेल, एक बाजू लुळी पडली असेल, शुद्ध फारच हरपली असेल, डोळ्याच्या मागच्या नसेला सूज असेल, तर मेंदूत दाब वाढलाय का हे आधी बघावंच लागतं. प्लेटलेट खूप कमी असतील किंवा रक्त पातळ करायचं औषध चालू असेल तरी थांबतात. पण अँटिबायोटिक त्याच्यासाठी थांबत नाही, संशय आला की तासाभरात पहिला डोस गेला पाहिजे, मग सीटी, मग सुई.

प्रश्न : माझ्या मिसेसला तीन आठवडे बारीक ताप, डोकेदुखी, उलट्या, वजन उतरलं. पाणी काढलं. रिपोर्ट : पेशी २२०, लिम्फोसाइट ८५ टक्के, प्रोटीन १८०, शुगर ३२, एडीए १४. सीबीनॅट निगेटिव्ह आलं, तरी डॉक्टरांनी मेंदूचा टीबी म्हणून वर्षभराची औषधं सुरू केली. जंतू सापडलाच नाही तर टीबी कसा? दुसऱ्या डॉक्टरांकडे दाखवू का? एडीए दर महिन्याला करायचं का?
— एक वाचक, काटोल

उत्तर : दुसरं मत घ्यायला काही हरकत नाही, ते घ्या, पण औषध चालू ठेवूनच घ्या. एक दिवसही बंद नका करू. हे पहिलं.

मेंदूच्या टीबीत सगळ्यात जास्त फसगत कशानं होत असेल तर ती या 'निगेटिव्ह' शब्दाने. पाण्यात टीबीचे जंतू फार थोडे असतात. पुवाच्या गोळ्यात असतात तसे भरमसाट नाहीत, दोन चमचे पाण्यात मोजके काही. थुंकीसारखं काचेवर रंगवून बघितलं तर बहुतेक वेळा दिसतच नाहीत. कल्चर लावलं, म्हणजे जंतू लॅबमधे वाढवून बघितला, तर उत्तर यायला दोन ते सहा आठवडे लागतात आणि तेवढी वाट बघितली तर पेशंटच हातचा जातो. सीबीनॅटने फार मोठा फरक पडला, जंतूचा डीएनए शोधतं, दोन तासात सांगतं, रिफॅम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध चालेल की नाही तेही सांगतं. जागतिक आरोग्य संघटनेनं मेंदूच्या टीबीसाठी ते २०१३ पासून सुचवलंय, नंतर २०१७ मधे अल्ट्रा नावाची जास्त तिखट नजरेची आवृत्ती आली, आणि त्याच कामाचं आपल्याकडचं ट्रूनॅट आहे. पण पॉझिटिव्ह आलं तर टीबी आहे आणि निगेटिव्ह आलं तर काहीच ठरत नाही, असं तो रिपोर्ट वाचायचा. मिलिलिटरभर पाणी पाठवलं तर तेही सापडणार नाही, म्हणून आम्ही टीबीसाठी वेगळी ट्यूब आणि सहा-आठ मिलिलिटर तरी मागतो.

मग डॉक्टर कशावरून ठरवतात, तर जंतू दिसत नसला तरी त्याच्या विरुद्ध शरीर काय करून राहिलंय ते दिसतं. बायोमार्कर म्हणतात ते हेच. एडीए हे एक एन्झाइम आहे, लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी भडकल्या की वाढतं, आणि टीबीच्या विरुद्ध लढाई या पेशींचीच असते. पाण्यात १० च्या वर गेलं की टीबीचा विचार जोर धरतो. आपल्या नागपुरातच सीआयआयएमएस या वैद्यकीय संस्थेतल्या संशोधकांनी मेंदूच्या टीबीत पाण्यातल्या एडीएवर काम करून २००६ मधे छापलंय, आणि त्यांनीही त्याला सोबतीची तपासणी म्हटलंय, एकट्याने निकाल देणारी नाही. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण एडीए स्वस्त आहे, गावोगावच्या लॅबमधे होतं, आणि म्हणूनच एकट्या एडीएवर टीबीची औषधं सुरू झालेले पेशंटही मी बघतो. पू झालेल्या साध्या मेंदूज्वरात एडीए वाढतं, लिम्फोमात (लिम्फोसाइट पेशींच्या कॅन्सरात) वाढतं, क्रिप्टोकॉकस नावाच्या बुरशीत वाढतं, स्क्रब टायफसमधेही (त्याबद्दल पुढे लिहिलंय) वाढलेलं बघितलंय.

तुमच्या मिसेसच्या बाबतीत मात्र एडीए एकटं नाहीये. तीन आठवड्यांचा बारीक ताप, वजन उतरणं, लिम्फोसाइट, वाढलेलं प्रोटीन, घसरलेली शुगर, हे सगळे एकाच दिशेला बोट दाखवतात. व्हायरसच्या मेंदूज्वरात लिम्फोसाइट वाढतात पण शुगर सहसा टिकून असते आणि तीन-तीन आठवडे असं रेंगाळत नाही. तुम्ही पाठवलेल्या कागदांत एमआरआयच्या रिपोर्टात मेंदूच्या तळाशी आवरण चमकतंय असं लिहिलंय, आणि रक्तात सोडियम १२४. मेंदूच्या टीबीत सोडियम असं घसरणं नेहमीचं आहे. या सगळ्यात एक निगेटिव्ह सीबीनॅट आलं म्हणून औषध रोखलं असतं तर मी त्याला चूक म्हटलं असतं.

दोन गोष्टी मात्र नक्की विचारा. एचआयव्ही तपासलं का? आणि क्रिप्टोकॉकसचं अँटिजन, म्हणजे त्या बुरशीचा अंश शोधणारी तपासणी, केली का? या बुरशीचा रिपोर्ट वरवर अगदी असाच दिसतो आणि औषध पूर्ण वेगळं. तिची अँटिजन पट्टी दहा-पंधरा मिनिटांत होते, रक्तावरही आणि पाण्यावरही, आणि इतकी भरवशाची तपासणी या सगळ्या यादीत दुसरी नाही.

दर महिन्याला एडीए नको. आकडा खाली येतोय का यापेक्षा बाई जेवतेय का, चालतेय का, नजर नीट आहे का, उलटी थांबली का, हे बघायचं. डेक्सामेथासोन (सूज कमी करणारं स्टेरॉइड) देत असतील तेही स्वतःहून बंद करायचं नाही, २००४ मधे व्हिएतनाममधल्या अभ्यासात दिसलं की त्यानं मेंदूच्या टीबीतले मृत्यू कमी होतात. औषध सुरू होऊन दोन महिन्यांनी पुन्हा डोकं दुखायला लागलं किंवा एमआरआयमधे गाठ मोठी दिसली तर घाबरून औषध बदलू नका, बरं होताना असं होऊ शकतं, डॉक्टरांना दाखवा. डोळ्याला धूसर दिसलं किंवा डोळे पिवळे झाले तर मात्र त्याच दिवशी. औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, नोंद करून घ्या.

प्रश्न : माझा भाऊ, वय २८, ताप आला आणि दोन दिवसात विचित्र वागायला लागला, दुकानात गिऱ्हाइकाला काहीही उत्तर देत होता, मग झटका आला. पाण्यात पेशी १८०, सगळ्या लिम्फो, शुगर नॉर्मल. रक्तात प्रोकॅल्सिटोनिन ०.१. डॉक्टरांनी मोठं अँटिबायोटिक चार दिवसांनी बंद केलं आणि एसायक्लोव्हिर मात्र चालू ठेवलं, तेही हर्पिसचा रिपोर्ट निगेटिव्ह असताना. एक रिपोर्ट मानला आणि एक नाही मानला, हे काय?
— बहीण, कामठी

उत्तर : ताई, तुमचा प्रश्न अगदी बरोबर आहे आणि डॉक्टरांनी तुम्हाला बसून समजावायला पाहिजे होतं.

प्रोकॅल्सिटोनिन एरवी थायरॉइडमधे बनतं आणि रक्तात नावापुरतं असतं. बॅक्टेरियाचं जोरदार इन्फेक्शन झालं की शरीरभरच्या पेशी ते सोडायला लागतात, चार-सहा तासांत चढायला लागतं. व्हायरसमधे सहसा चढत नाही. म्हणून आजारी तरुण माणूस, पाण्याचा रिपोर्ट व्हायरससारखा, कल्चर तीन दिवस कोरं, आणि प्रोकॅल्सिटोनिन ०.५ च्या खूप खाली, हे सगळं जुळलं तर अँटिबायोटिक थांबवणं योग्यच आहे. नुसत्या ०.१ वर नाही थांबवलं, तीन-चार गोष्टी जुळल्या म्हणून थांबवलं. हे वेगळं सांगतोय कारण हाच ०.१ टीबीतही येतो, मेंदूत एका जागी गळू असलं तरी येऊ शकतो, आणि उलट किडनी बिघडलेल्या माणसात इन्फेक्शन नसताना वाढलेला दिसतो. त्या आकड्याला एकच प्रश्न विचारता येतो, 'अंगभर पसरलेला बॅक्टेरिया वाटतोय का?' त्यापलीकडचं त्याला विचारायचं नाही.

आता हर्पिस. पीसीआर, म्हणजे व्हायरसचा डीएनए शोधणं, ही त्यासाठीची सगळ्यात चांगली तपासणी आहे, पण आजाराच्या पहिल्या तीन दिवसांत ती निगेटिव्ह येऊ शकते. तुमच्या भावाचं पाणी दुसऱ्याच दिवशी काढलं होतं. वागणं बदललं, झटका आला, आणि एमआरआयमधे कानशिलामागचा भाग सुजलेला, हे चित्र हर्पिसचं आहे. अशा वेळी काही दिवसांनी पुन्हा पाणी काढून पुन्हा पीसीआर करतात आणि तोपर्यंत एसायक्लोव्हिर, म्हणजे हर्पिसवरचं औषध, सोडत नाहीत. हे औषध यायच्या आधी हर्पिसच्या मेंदूज्वरात दहातले सात जण जायचे. पॉझिटिव्ह आलं तर १४ ते २१ दिवस शिरेतूनच द्यावं लागतं, मधेच गोळीवर घरी पाठवत नाहीत. किडनीवर भार येतो म्हणून सलाईन आणि क्रिएटिनिन यावर लक्ष असू द्या.

दुसऱ्यांदाही निगेटिव्ह आलं आणि वागणं तसंच राहिलं तर डॉक्टरांना विचारा, ऑटोइम्यून एन्सेफलायटिसच्या अँटिबॉडी पाठवायच्या का? तरुण माणसात हेही असतं, जंतू नसतोच, शरीरच मेंदूवर उलटतं, ओळखलं तर बरं होतं. अशा पेशंटला कोणी 'बाहेरचं' समजून झाडफूक करत फिरवतं आणि आठवडे वाया जातात, ते बघवत नाही.

प्रश्न : आई धानाच्या बांधीत कामाला जाते. आठ दिवस ताप, मग बडबड करायला लागली. पाण्याचा रिपोर्ट 'थोडा खराब', टीबी म्हणावा की नाही ठरत नव्हतं. मग एका सिस्टरनं काखेत काळा डाग दाखवला आणि गोळी बदलली, तिसऱ्या दिवशी ताप उतरला. हे काय होतं? आम्हाला तर चांदीपुराची भीती होती.
— मौदा

उत्तर : त्या सिस्टरला माझा नमस्कार सांगा. खरंच सांगा.

तो डाग म्हणजे एश्चर, सिगारेटचा चटका बसल्यासारखा, काळी खपली आणि भोवती लाल कडा, दुखत नाही म्हणून पेशंट सांगत नाही. गवतातल्या बारीक किड्याची अळी चावते तिथे होतो, काखेत, कमरेच्या नाडीखाली, जांघेत, छातीच्या खाली, म्हणजे नेमकं जिथे कोणी बघत नाही तिथे. आजार स्क्रब टायफस. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि आजूबाजूला याचे पुष्कळ पेशंट आले तेव्हापासून विदर्भात पावसाळा ते दिवाळी या काळात ताप आणि बडबड असेल तर आम्ही कपडे बाजूला करून बघतोच. रक्तातलं स्क्रबचं आयजीएम (शरीराने जंतूविरुद्ध बनवलेली अँटिबॉडी) साधारण आठवड्याभराने पॉझिटिव्ह येतं, त्याआधी निगेटिव्ह आलं तर सोडून द्यायचं नाही. पाण्यात लिम्फोसाइट वाढतात, प्रोटीन वाढतं, एडीएही वाढू शकतं, म्हणून टीबीसारखं वाटतं, पण सोबत प्लेटलेट कमी आणि एसजीओटी (लिव्हरच्या तपासणीतलं एन्झाइम) वाढलेलं असेल तर विचार इकडे वळतो. औषध डॉक्सिसायक्लिन, स्वस्तातलं कॅप्सूल. वर्षभराची टीबीची औषधं आणि आठवड्याची ही कॅप्सूल, फरक एका डागाचा.

चांदीपुरा व्हायरस नावाने आपल्याच जिल्ह्यातला आहे, १९६५ मधे इथल्या चांदीपुरा गावातल्या तापाच्या पेशंटच्या रक्तात पहिल्यांदा सापडला म्हणून ते नाव. पण तो मुख्यतः पंधरा वर्षांखालच्या लेकरांना धरतो, २००३ मधे आंध्रात आणि २०२४ मधे गुजरातेत धरलं तसं. मोठ्या माणसात आपल्याकडे त्याच्या आधी स्क्रब, जपानी मेंदूज्वर आणि मलेरिया आठवायचा. जपानी मेंदूज्वरासाठी पाण्यातलं आयजीएम बघतात, रक्तातल्यापेक्षा पाण्यातलं जास्त पक्कं, कारण ते मेंदूतच बनलेलं असतं. आणि गडचिरोलीकडून आलेला बेशुद्ध पेशंट असेल तर मलेरियाची पट्टी आणि स्लाइड दारातच झाली पाहिजे, तिथे पाठीतलं पाणी जवळपास नॉर्मल येतं आणि माणूस मात्र मरणाच्या दारात असतो.

प्रश्न : मे महिन्यात नवऱ्याला दुपारी ऊन लागून बेशुद्ध झाले, ताप १०६. तरी पाठीतून पाणी काढलं. गरज होती का?
— हिंगणा रोड

उत्तर : होती असं मला वाटतं. ४५-४६ डिग्रीत उन्हात काम करणारा माणूस पडला तर आधी थंड करायचं, बर्फ, ओली चादर, पंखा, बाकी सगळं नंतर. पण थंड करूनही शुद्ध येत नसेल किंवा मान ताठ असेल तर मेंदूज्वर सुटायला नको. रक्ताच्या आकड्यावर इथे विसंबता येत नाही, कारण नुसत्या उष्माघातातही प्रोकॅल्सिटोनिन चढलेलं दिसतं. पाण्यात पेशी ३ आणि शुगर चांगली आली, तेवढ्यावर अँटिबायोटिक थांबवता आलं, हा त्या सुईचाच फायदा.

प्रश्न : मी डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) झालो आहे, लॅबमधे रात्रपाळी करतो. पाण्यातलं लॅक्टेट किती कामाचं? आणि एकाच वेळी १४ जंतू सांगणारं जे पॅनल आलंय त्यानंतर बाकीच्या तपासण्या बंद होतील का?
— रामदासपेठ

उत्तर : लॅक्टेटबद्दल कोणी विचारत नाही, तुम्ही विचारलं, छान वाटलं. पाण्यातलं लॅक्टेट, म्हणजे ऑक्सिजनशिवाय साखर जळली की उरणारं आम्ल, ३.५ मिलिमोलच्या वर असेल तर बॅक्टेरियाकडे झुकतं, व्हायरसमधे सहसा खालीच राहतं. त्याची खरी गंमत ही की ते रक्तातल्या लॅक्टेटवर फारसं अवलंबून नसतं, म्हणजे वर सक्करदऱ्याच्या बाबांची शुगर वाचायला रक्ताची जोडी लागली तशी याला लागत नाही. डायबेटिसच्या पेशंटमधे म्हणूनच मला ते आवडतं. पण अँटिबायोटिकचे डोस गेलेले असतील तर भरवसा कमी होतो, आणि आपल्याकडे भरती व्हायच्या आधी गल्लीतल्या डॉक्टरकडे दोन इंजेक्शनं झालेलीच असतात. टीबीत वाढतं, मोठा झटका येऊन गेला असेल तरी वाढतं. राखाडी झाकणाच्या फ्लोराइड ट्यूबमधे घ्या आणि लगेच लावा.

पॅनल तासाभरात उत्तर देतं, न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस, लिस्टेरिया, हर्पिस, एन्टेरोव्हायरस वगैरे. अँटिबायोटिक देऊन कल्चर मेलेलं असलं तरी जंतूचा डीएनए पकडतं, हे मोठं काम आहे. पण त्या चौदांत टीबी नाही. स्क्रब नाही, जपानी मेंदूज्वर नाही, डेंग्यू नाही, चांदीपुरा नाही. म्हणजे आपल्या विदर्भातल्या वॉर्डात जे रोज दिसतं त्यातलं बरंचसं त्या यादीत नाहीच, आणि नातेवाइकांना 'सगळे जंतू निगेटिव्ह' असं सांगितलं जातं तेव्हा मला धास्ती वाटते. क्रिप्टोकॉकस यादीत आहे पण तो कधीकधी सुटतो, म्हणून अँटिजन पट्टी वेगळी करायचीच. शरीराच्या बाजूचे नवे मार्कर येताहेत, पाण्यातलं इंटरल्युकिन-६, हेपारिन बाइंडिंग प्रोटीन, शिवाय जंतू शोधायला पाण्यातला सगळाच डीएनए एकदम वाचणारं सिक्वेन्सिंग, अभ्यासात चांगले दिसतात, पण आपल्या रात्रपाळीत तुमच्या हातात अजून काच, मायक्रोस्कोप आणि ग्रॅम स्टेनच (जंतू रंगवून बघायची पद्धत) आहे, आणि त्याची किंमत कमी समजू नका.

मी रेसिडेंट असताना, कुठे ते जाऊ द्या, रात्री एक वाजता एका बाईचं पाणी काढलं, ट्यूब ट्रेमधे ठेवली, वॉर्डबॉय दुसऱ्या कामाला गेला आणि मीही दुसऱ्या पेशंटकडे धावलो. सकाळी सहाला ती ट्यूब तिथेच, खिडकीतल्या उन्हात. तशीच पाठवली. रिपोर्ट आला पेशी ४०, शुगर १२. पेशी तासा-दोन तासांतच फुटायला लागतात, म्हणून कमी दिसल्या, आणि ज्या होत्या त्यांनी पडल्या पडल्या शुगर खाल्ली, म्हणून ती घसरली. दोन्ही आकडे खोटे, आणि त्या खोट्या आकड्यांवर आम्ही दिवसभर वाद घालत बसलो, व्हायरस की टीबी. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुई टोचावी लागली, बाईनं माझा हात घट्ट धरून ठेवला होता ते अजून आठवतं. पेशी ६०० निघाल्या.

म्हणून तुमच्या टेबलावर ट्यूब आली की पहिले तिच्यावर काढल्याची वेळ लिहिलीय का बघा, नसेल तर वॉर्डला फोन करून विचारा. कल्चरची ट्यूब फ्रिजमधे ठेवू नका, मेनिंगोकॉकससारखे जंतू थंडीत मरतात. पाणी लालसर असेल तर पहिली आणि शेवटची ट्यूब शेजारी धरून बघा, शेवटची स्वच्छ होत गेली असेल तर रक्त सुईचं आहे, तसं लिहा, साधारण हजार तांबड्या पेशींमागे एक पांढरी वजा करायला आम्हाला त्याचा उपयोग होतो. आणि ग्रॅम स्टेनमधे काही दिसलं तर रिपोर्ट टाइप व्हायची वाट बघू नका, रात्री तीन वाजले असले तरी ड्यूटीच्या डॉक्टरला उठवा.